नोकरी दक्षिण रेल्वेत, हंगाम मेलबर्नमध्ये

नागपुरात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीच्या घरी एक हिशेब पक्का असतो. शाळेत असताना जिल्हा, मग विभाग, मग राज्य. कॉलेजात विद्यापीठाचा संघ, राज्यातल्या विद्यापीठांची अश्वमेध स्पर्धा, आंतरविद्यापीठ. एखाददुसरी नॅशनल पदरात पडली की प्रमाणपत्रांची फाईल घ्यायची आणि रेल्वे, आयकर, पोलीस, बँक अशी दारं ठोठवायची. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली की पोरीच्या खेळाचं सोनं झालं. मीही याच वाटेने आले. कॉलेजात सेंटर, म्हणजे रिंगखालची उंच खेळाडू, म्हणून खेळायचे, विद्यापीठाकडून खेळले, आणि त्या जोरावर एका सरकारी कार्यालयात लागले. त्या नोकरीने घराचे हप्ते फेडले, आईचं आजारपण निभावलं. तिला नावं ठेवणं माझ्याच्याने होणार नाही.

तरीही ऑफिसच्या आधी आणि नंतर कोर्टवर ज्या मुली माझ्याकडे शिकायला येतात त्यांना, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या आईवडिलांना, मी दुसऱ्या एका वाटेबद्दल सांगत असते. ती सांगताना सुरुवात गीतू अ‍ॅना जोसपासून करते. लेब्रॉन, करी, कॅटलिन क्लार्क ही अमेरिकन खेळाडूंची नावं आमच्या पोरींना तोंडपाठ आहेत. गीतूचं नाव घेतलं की निम्म्या जणी एकमेकींकडे बघतात. हे मला फार लागतं, कारण कॉलेजच्या कोर्टवरून उठून परदेशातल्या क्लबकडून खेळायला गेलेली भारतीय मुलगी म्हटलं की पहिलं नाव तिचंच घ्यायला पाहिजे.

गीतू केरळातल्या कोट्टायम जिल्ह्यातली. चंगनाशेरीच्या असम्प्शन कॉलेजची खेळाडू, उंची सहा फूट दोन इंच, म्हणजे १८८ सेंटिमीटर. नोकरी दक्षिण रेल्वेत. २००६ मध्ये मेलबर्नला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, त्यात भारताचा महिला बास्केटबॉल संघ होता. त्याच वर्षी मेलबर्नच्या पूर्वेकडच्या रिंगवूड उपनगरातल्या रिंगवूड हॉक्स या क्लबकडून ती खेळू लागली आणि २००८ पर्यंत तिथे खेळली. पुढे ती भारताची कर्णधार झाली, २०१४ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. रिंगवूड तेव्हा ज्या लीगमध्ये खेळायचं तिचं नाव बिग व्ही. व्हिक्टोरिया राज्याची लीग, अर्धव्यावसायिक. ऑस्ट्रेलियाची सर्वोच्च महिला लीग वेगळी, तिला डब्ल्यूएनबीएल म्हणतात. बिग व्हीमधल्या कितीतरी स्थानिक मुली दिवसा नोकरी किंवा शिक्षण करतात, संध्याकाळी सराव करतात आणि शनिवार-रविवारी सामने खेळतात.

हे सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, म्हणजे फार मोठी लीग नव्हती तर. इथेच माझं लोकांशी वाजतं. लीग केवढी मोठी यापेक्षा लीग चालते कशी, हे बघा ना.

आपल्याकडे चांगल्या खेळाडूचं वर्ष कसं जातं? शिबिर लागतं, पंधरा-वीस दिवस घाम गाळतो, मग स्पर्धा. आठवड्याभरात पाच-सहा-सात सामने, रोज एक, कधी दिवसाला दोन. उपांत्यपूर्व फेरीत हरलो की सामान बांधा. मग पुढची स्पर्धा येईपर्यंत सामना असा नाहीच. समोरच्या संघाने आपल्याला एकदा पाहिलेलं असतं, तोही पुन्हा भेटतो तो वर्षाने. त्यामुळे ज्या मुलीची एक चाल जमून गेली ती त्या एका चालीवर पाच वर्षं काढते. लीगमध्ये हे चालत नाही. दर आठवड्याला सामना, महिनोन्‌महिने. समोरच्या संघाने तुमच्या मागच्या सामन्याचा व्हिडिओ बघितलेला असतो. पहिल्या भेटीत तुम्ही पंचवीस पॉइंट केले असतील, तर दुसऱ्या भेटीत तुमच्यावर दोघी येतात, तुमच्या उजव्या खांद्यावर आधीच कुणीतरी उभी असते. तुम्ही नवीन काही शिकला नाहीत तर संपलात. आणि शिकायला वेळ किती? पुढच्या शनिवारपर्यंत.

उंच मुलीच्या बाबतीत तर हे मला रोज कोर्टवर दिसतं. माझ्याकडे सध्या अकरावीतली एक मुलगी आहे, पावणेसहा फुटांच्या वर गेली आहे आणि अजून वाढते आहे. नागपूर जिल्ह्यात तिला कुणी अडवूच शकत नाही. बॉल वरून टाकायचा, तिने हात वर करून घ्यायचा, वळायचं आणि बोर्डला लावायचा. प्रत्येक वेळी ती उजव्याच खांद्यावरून वळते, कारण डाव्या हाताने लेअप टाकायची वेळ तिच्यावर आजवर कुणी आणलेलीच नाही. म्हणून गेले काही महिने मी तिला रिंगकडे पाठ करून उभी करते, तिच्या पाठीमागे आमचा एक दणकट मुलगा उभा करते, आणि सांगते की बॉल हातात येण्याआधी मागचा माणूस कुठल्या बाजूला टेकला आहे ते तुझ्या कमरेला कळलं पाहिजे. उजवीकडे टेकला असेल तर डावा पाय मागे, मोठा, थेट रिंगच्या दिशेने, एकच ड्रिबल, डावा हात. पहिल्यांदा तिने हे केलं तेव्हा बॉल बोर्डच्या वरून पलीकडे रस्त्यावर गेला. दुसऱ्यांदा ट्रॅव्हल, म्हणजे बॉल न टप्पावता पावलं जास्त. आता दहातले चार-पाच जातात. आणि ते जायला लागल्यापासून ती उजवीकडून वळते तेव्हासुद्धा समोरच्याला अर्ध्या क्षणाचा उशीर होतो, कारण त्याला आता दोन्हीकडची भीती आहे.

परदेशी क्लबमध्ये हेच, फक्त कितीतरी अवघड पातळीवर आणि आठवड्याला एक धडा या गतीने. सहा फूट दोन इंचांची खेळाडू आशियाई पातळीवर रिंगखाली उभी राहून सामना जिंकून देऊ शकते. ऑस्ट्रेलियात तेवढ्याच उंचीच्या मुली विंगवर, म्हणजे रिंगपासून लांब बाजूला, खेळतात. त्यांची लॉरेन जॅक्सन १९६ सेंटिमीटरची, आणि तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून शूट करायची. म्हणजे तिथे टिकायचं तर आपल्याकडच्या सेंटरला रिंगकडे तोंड करून खेळायला शिकावं लागतं, पंधरा फुटांवरून जम्प शॉट लागतो, दोघी अंगावर आल्या की मोकळ्या सोबतिणीला पास द्यावा लागतो. हे शिबिरात सांगून येत नाही. सामन्यात चुकून, बेंचवर बसून, पुन्हा उतरूनच येतं.

गीतूच्या गोष्टीतला दुसरा टप्पा २०११ चा. अमेरिकेची महिलांची सर्वोच्च लीग डब्ल्यूएनबीए, तिच्यातल्या तीन संघांनी तिला ट्रायलला बोलावलं: शिकागो स्काय, लॉस एंजेलिस स्पार्क्स आणि सॅन अँटोनियो सिल्व्हर स्टार्स. अशी संधी मिळालेली ती पहिली भारतीय स्त्री. करार झाला नाही. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना लोक इथे आवाज खाली आणतात आणि "पण निवड झाली नाही" म्हणून थांबतात. मला या "पण"चा राग येतो. त्या वर्षी डब्ल्यूएनबीएत बारा संघ होते आणि सगळ्यांच्या मिळून दीडशेहूनही कमी जागा होत्या. साऱ्या जगासाठी तेवढ्याच. अमेरिकेत एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या पहिल्या श्रेणीतच महिलांचे तीनशेहून जास्त कॉलेज संघ आहेत, त्यांतून दरवर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या वार्षिक निवडीत, ३६ जणी निवडल्या जायच्या, आणि त्या ३६ मधल्याही बऱ्याच जणींना हंगाम सुरू व्हायच्या आतच घरी पाठवलं जायचं. अशा दारापर्यंत कोट्टायमची मुलगी मेलबर्नमार्गे पोहोचली आणि तीन संघांच्या कोचेसनी तिला आपल्या कोर्टवर खेळवून पाहिलं.

बरं, उरलेल्या अमेरिकन मुली आणि मुलं काय करतात? ज्यांना एनबीए किंवा डब्ल्यूएनबीएत जागा मिळत नाही, ते खेळ सोडतात का? बरेच जण सोडतात. पण हजारो खेळाडू स्पेन, इटली, तुर्कस्तान, फ्रान्स, पोलंड, इस्रायल, कोरिया, चीन, फिलिपिन्स इथे जाऊन आठ-दहा-बारा वर्षं पोटापाण्यासाठी बास्केटबॉल खेळतात.

आमच्या कोर्टवर ८ आणि २४ नंबरच्या जर्सी घालून येणारी मुलं भरपूर आहेत. कोबे ब्रायंट त्यांचा देव. मी त्यांना कोबेच्या वडिलांबद्दल विचारते तेव्हा सगळे गप्प. जो ब्रायंट हे फिलाडेल्फियाच्या ला सॅल विद्यापीठाचे खेळाडू. १९७५ च्या ड्राफ्टमध्ये निवड, एनबीएत आठ हंगाम, आणि तिथलं काम संपल्यावर १९८४ मध्ये बायको आणि तीन मुलांना घेऊन ते इटलीत गेले. सुरुवात रिएती या लहानशा गावातल्या क्लबपासून, मग रेज्जो कालाब्रिया, पिस्तोया, रेज्जो एमिलिया. इटलीत ते १९९१ पर्यंत खेळले. गेले तेव्हा कोबे सहा वर्षांचा होता. तो इटालियन शाळेत गेला, इटालियन बोलायला शिकला, वडिलांच्या सामन्यांच्या मध्यंतरात कोर्टवर जाऊन बॉल टाकायचा. एका खेळाडूने परदेशी क्लबमध्ये काढलेल्या सात वर्षांवर एक घर चाललं आणि त्या घरात कोबे तयार झाला. यापेक्षा चांगली ओळख या व्यवसायाची काय करून द्यायची?

मुलींच्या बाबतीत तर उलटाच प्रकार होता. डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यातला, म्हणून अमेरिकेच्या मोठमोठ्या खेळाडू हिवाळ्यात परदेशात खेळायच्या, आणि खरा पैसा तिथेच मिळायचा. डायना टॉरासीने २०१५ चा डब्ल्यूएनबीए हंगाम सोडला, कारण तिच्या रशियन क्लबने तिला उन्हाळ्यात विश्रांती घ्यायचे पैसे देऊ केले. तेव्हाच्या बातम्यांनुसार रशियात तिला सुमारे १५ लाख डॉलर मिळत होते, आणि डब्ल्यूएनबीएत वरचा पगार एक लाख डॉलरच्या थोडा पुढे. हे आकडे अर्थातच जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचे. मी ते पालकांना सांगते आणि लगेच बजावते, की तुमच्या मुलीने हे डोक्यात धरायचं नाही. खालच्या लीगमध्ये महिन्याचे पैसे म्हणजे साध्या पगारासारखे पैसे.

आता खरा मुद्दा, करार. त्या उंच मुलीचे वडील एकदा सराव संपल्यावर थांबले. बजाजनगरला त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, माणूस हिशेबी. म्हणाले, "मॅडम, पोट्टी रोज म्हणून राहिली का मले बाहेर खेळायचं हाय. तिथं एकटी कशी राहीन थे? पैसे बुडवले तं आमी कोनाले विचारावं?" इतका नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी त्यांना बाकावर बसवलं आणि जेवढं माहीत आहे तेवढं सगळं सांगितलं.

परदेशी क्लबचा करार बहुधा एका हंगामाचा असतो. युरोपात रक्कम बहुतेक वेळा कर वजा जाऊन हातात येणारी सांगतात, कर क्लब भरतो. राहायला घर, जाण्यायेण्याची विमानाची तिकिटं, बऱ्याच ठिकाणी गाडी, हे करारात लिहिलेलं असतं. पोहोचल्यावर मेडिकल होतं आणि ते पास झाल्यावरच करार पक्का धरतात, म्हणून गुडघा दुखतो आहे हे लपवून जायचं नाही. प्रत्येक लीगमध्ये बाहेरच्या देशांतले खेळाडू किती घ्यायचे याची मर्यादा असते. त्यांना इम्पोर्ट म्हणतात. इम्पोर्टने इतरांपेक्षा जास्त खेळून दाखवायचं असतं. संघ ओळीने तीन सामने हरला तर स्थानिक मुलीला कुणी घरी पाठवत नाही, इम्पोर्टचं तिकीट निघतं. फिलिपिन्सच्या लीगमध्ये स्पर्धेच्या मध्यावर इम्पोर्ट बदलणं नेहमीचं आहे.

एका देशातून दुसऱ्या देशाच्या लीगमध्ये जाताना लेटर ऑफ क्लिअरन्स लागतं. खेळाडू ज्या महासंघाकडे नोंदलेला आहे त्याने ते द्यायचं, म्हणजे आपल्या मुलीला भारतीय बास्केटबॉल महासंघाने. आणि पैसे बुडाले तर? त्यासाठी फिबा या बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने २००७ मध्ये एक लवाद सुरू केला, त्याला आता बॅट म्हणतात, बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनल. बहुतेक प्रकरणांत एकच लवाद-न्यायाधीश असतो, सारं कामकाज कागदावर चालतं, आणि निकाल लागूनही क्लबने पैसे दिले नाहीत तर फिबा त्या क्लबवर नवीन खेळाडू नोंदवायला बंदी घालू शकते. ही बंदी क्लबला फार झोंबते. मात्र वाद बॅटकडे जाईल असं कलम करारात लिहिलेलं पाहिजे. ते नसेल तर परक्या देशातल्या कोर्टात वकील शोधत बसायचं. म्हणून करार हातात आला की आकड्याआधी ते कलम शोधा, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी खिशातल्या बिलबुकाच्या मागे लिहून घेतलं.

एजंटबद्दलही सांगितलं. आमच्याच एका मुलीला व्हॉट्सअ‍ॅपवर एका माणसाने मेसेज केला होता, की युरोपातल्या क्लबला तू पसंत आहेस, नोंदणीचे चाळीस हजार पाठव. तिच्या आईने बांगड्या मोडायची तयारी केली होती. तुम्हाला न पाहता, तुमचा एकही पूर्ण सामना न मागता जो करार देतो आणि आधी पैसे मागतो, त्याच्याशी बोलायचंसुद्धा नाही. फिबा एजंटांना परीक्षा घेऊन परवाना देते. एजंटचे पैसे करार झाल्यावर निघतात, साधारण दहा टक्क्यांच्या आत, आणि युरोपात ते बहुधा क्लबच देतो.

एकटी राहण्याचं काय, यावर माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनी ग्रायनरला मॉस्कोच्या विमानतळावर पकडलं, सामानात गांजाच्या तेलाची व्हेप कार्ट्रिज सापडली म्हणून. ही बेलर विद्यापीठाची खेळाडू, २०११-१२ च्या हंगामात तिच्या कॉलेजने चाळीसच्या चाळीस सामने जिंकले होते. रशियात ती क्लबकडून खेळायला जात होती. नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. ज्या देशात जायचं तिथले कायदे, तिथलं राजकारण, तिथली औषधांची यादी हे सगळं खेळाडूला माहीत असावं लागतं, आणि ग्रायनरच्या मागे तर अमेरिकेचं सरकार उभं होतं. आपली मुलगी कुठे जाते आहे, क्लबचा तिथला माणूस कोण, वकिलात कुठल्या शहरात आहे, हे आईवडिलांनी विचारायलाच हवं. मुलीचे वडील म्हणाले, "बरं झालं सांगतलं मॅडम. बाकीचे तं फक्त हो म्हणतात."

त्यांना मुलांचीही उदाहरणं हवी होती. ती थोडक्यात दिली. सतनाम सिंग, २०१५, डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडलं, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये आलेला पहिला भारतीय, पण एनबीएचा सामना खेळायला मिळाला नाही. अमृतपाल सिंग, अमृतसरकडच्या खेड्यातला, आधी कबड्डी खेळायचा, बास्केटबॉल हातात घेतला तेव्हा विशीला टेकलेला. तो जपानमध्ये खेळला आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एनबीएलमध्ये सिडनी किंग्जकडून. लोक सतनामचं नाव घेतात. मला अमृतपालची वाट जास्त खरी वाटते, कारण ती क्लबमागून क्लब अशी गेली.

या सगळ्यात मला जे मनापासून म्हणायचं आहे ते नोकरीबद्दल आहे. आपण नोकरी आणि परदेशी क्लब ही दोन टोकं करून ठेवली आहेत, आणि त्यात मुली नोकरीकडे वळतात, वळणारच. गीतूच्या कारकिर्दीत ही दोन्ही एकत्र नांदली. दक्षिण रेल्वेची खेळाडू, आणि हंगाम मेलबर्नमध्ये. परत यायला जागा होती म्हणून जाता आलं, असं मला ती कारकीर्द बघताना वाटतं. पण हे एखाद्या-एखादीला जमतं, नियमांतून सहज निघत नाही. मी सरकारी नोकर आहे, नियम मला रोजचे आहेत. राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी खेळाडूंना वर्षाला तीस दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते. क्लबचा हंगाम चार ते आठ महिन्यांचा. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत हौशी खेळाडू म्हणून खेळायला परवानगी लागत नाही, पण पैसे घेऊन खेळायचं म्हटलं की पूर्वमंजुरी आली. मग बिनपगारी असाधारण रजा, ना हरकत प्रमाणपत्र, परदेश प्रवासाची परवानगी, आणि प्रत्येक टेबलावर "याआधी असं कुणी केलंय का?" हा प्रश्न. खेळाच्या जोरावर घेतलेल्या मुलीला विशी-पंचविशीत दोन-तीन हंगाम बिनपगारी रजेवर बाहेर खेळू द्यावं, तिची ज्येष्ठता राखावी, एवढा एक स्वच्छ नियम झाला तर कार्यालयाचा एक पैसा जात नाही. परत येते ती जास्त चांगली खेळाडू होऊन, आणि कार्यालयाच्याच संघाकडून खेळते. नागपुरात मध्य रेल्वेचा विभाग आहे, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही आहे, केंद्राची कार्यालयं तर किती सांगू. इथून ही मागणी उठायला हवी आणि ती आम्हीच, नोकरीत असलेल्या जुन्या खेळाडूंनी, करायला हवी. मी माझ्या ऑफिसच्या क्रीडा समितीत लेखी दिली आहे.

टॅलेंट नाही हे मला पटत नाही. भिलाई इथून गाडीने चार-पाच तासांवर. तिथे दिवंगत राजेश पटेल सरांनी पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या कोर्टवर साध्या घरांतल्या मुली घडवल्या आणि छत्तीसगडचा महिला संघ देशात दबदबा राखून होता. आमच्या पिढीत छत्तीसगडशी सामना पडला की आदल्या रात्री जेवण जायचं नाही. त्याच छत्तीसगडची कविता अकुला पुढे अमेरिकेत ग्रँड कॅनियन विद्यापीठाकडून एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत शिष्यवृत्तीवर खेळली. शेजारच्या राज्यात होतं ते आपल्याकडे का होऊ नये? आपल्याकडे मे महिन्यात उघड्या सिमेंटच्या कोर्टवर सकाळी आठनंतर पाय ठेवता येत नाही हे खरं आहे. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलासारखी छताखालची जागा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही हेही खरं. पण म्हणून पोरी साडेपाचला येतात आणि येतातच.

त्या उंच मुलीसाठी आम्ही आता अमेरिकेतल्या कॉलेजांचा रस्ता धरला आहे. एनसीएए नववीपासूनचे गुण बघते, चार वर्षांत सोळा मूळ विषय. आपण सगळे दहावी-बारावीच्या मागे, आणि तिची नववीची गुणपत्रिका शाळेतून पुन्हा काढायला हेलपाटे घालावे लागले. गणित कच्चं आहे, त्याची शिकवणी लावली. पहिल्या श्रेणीत नाही जमलं तर दोन वर्षांचं ज्युनिअर कॉलेज, तिथून पुढे. कुठल्याही क्लबकडून खेळायचे पैसे तोवर घ्यायचे नाहीत, त्याने कॉलेजची पात्रता धोक्यात येते. रेल्वेच्या क्रीडा कोट्याला वयाची अट अठरा ते पंचवीस, म्हणजे बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन परतली तरी तीन वर्षं हातात राहतात. फक्त भरतीला राष्ट्रीय स्पर्धांची कामगिरी लागते, तेव्हा सुट्टीत येऊन राज्याच्या निवड चाचण्या द्यायला हव्यात. वडिलांनी हा भाग माझ्याकडून तारखांसह मांडून घेतला.

तिकडच्या कोचेसना पाठवायला व्हिडिओ लागतो. तिच्या मित्रमंडळींनी गाणं लावून, बास्केटच तेवढे कापून दोन मिनिटांची फीत केली होती, ती मी बाजूला ठेवायला सांगितली. कोचला पूर्ण सामना हवा असतो. बॉल हातात नसताना ती कुठे धावते, चुकल्यावर मागे किती वेगाने परतते, टाइम-आउटमध्ये कोचच्या तोंडाकडे बघते की पाण्याच्या बाटलीकडे, हे त्याला बघायचं असतं. या शनिवारी आमचा सामना आहे. तिच्या धाकट्या भावाला ट्रायपॉड घेऊन प्रेक्षकांच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, मधल्या रेषेसमोर बसवणार आहे. चारही क्वार्टर, एकदाही बंद न करता, आणि कॅमेरा बहिणीच्या मागे फिरवायचा नाही, दहाच्या दहा खेळाडू दिसले पाहिजेत.